नदीकडची खोली

यॉर्कला जायचं ठरलं ते मुलीच्या हाफ टर्ममुळे. ऑक्टोबरच्या शेवटी तिच्या शाळेला आठवडाभर सुट्टी असायची, आणि त्या वर्षी वर्गात व्हायकिंग लोक शिकवले होते. "मला व्हायकिंगची घर बघायची आहे," असं ती महिनाभर म्हणत होती. आठ वर्षांची होती. ईलिंगमध्ये वाढलेलं तिचं मराठी असंच होतं, एकच शब्द कधी मुलगा व्हायचा, कधी मुलगी. आम्ही सुधारायचं सोडून दिलं होतं. नवऱ्याने ऑफिसातून तीन दिवस रजा घेतली. मी लायब्ररीत अर्धवेळ काम करायचे, मला सुट्टी सहज मिळाली.

सासरे ऑगस्टमध्ये आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. घरात सासऱ्यांचा आवाज असा नसायचाच. सकाळी स्वतःचा कप विसळून ठेवायचे, पार्कात दोन फेऱ्या मारून यायचे आणि खिडकीशी बसायचे. माझा नवरा मित्रांना सांगायचा, "बाबा इंजिनियर होते." ते इंजिनियर नव्हते. आमच्याकडच्या एका नदीवर तीस वर्षं ते पाण्याची नोंद ठेवायचे. नदीत आकडे लिहिलेली पट्टी उभी केलेली असते. पाणी कुठल्या आकड्याला लागलंय ते ठरलेल्या वेळी बघायचं, वहीत लिहायचं, आणि पावसाळ्यात दर तासाला वायरलेसवरून ऑफिसला कळवायचं. एवढंच काम. मला हे लग्नानंतर सासूबाईंकडून कळलं होतं. बापलेक त्याबद्दल कधी बोलत नसत. खरं तर ते दोघं कशाबद्दलच फारसं बोलत नसत.

आम्ही दुपारी यॉर्कला उतरलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. आकाश इतकं निळं की आदल्या आठवड्यातला पाऊस कुणाला आठवू नये. स्टेशनवरून गावात जायला नदीवरचा पूल ओलांडावा लागतो. पलीकडे कॅथीड्रलचे मनोरे उन्हात मधासारखे दिसत होते, आणि मुलगी तिच्या बाबांचा, माझ्या नवऱ्याचा, हात ओढत पुढे पळत होती. पुलाच्या मधोमध सासरे थांबले. कठड्याला हात लावून खाली बघत राहिले.

मीही बघितलं. नदी दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची होती आणि तिचा अजिबात आवाज येत नव्हता. एक अख्खं झाड, मुळांसकट, आडवं होऊन पुलाखालून गेलं. गेलं म्हणजे इतक्या वेगात गेलं की मी पलीकडच्या कठड्याशी जाईपर्यंत ते दूरवर पोचलंही होतं.

"वर कुठंतरी चिक्कार पाऊस झालाय," सासरे म्हणाले. "आणि तो अजून इथं पोचलेला नाही."

"बाबा, चला ना," नवरा पुढून म्हणाला. "चेक इन करायचंय."

गेस्ट हाउस नदीकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत होतं. लाल विटांचं, अरुंद, तीन मजली घर. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. सडपातळ, केस कापसासारखे, कमरेला फुलाफुलांचा एप्रन. सगळ्यांना त्या 'लव्ह' म्हणायच्या, सासऱ्यांनासुद्धा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासरे इतके बावरले की मला हसू आवरेना. पहिल्या मजल्यावरच्या समोरासमोरच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या होत्या. खाली पुढे जेवणाची खोली, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या शेजारी एक दार, अर्धवट उघडं.

"तिथे माझा नवरा असतो," बाई म्हणाल्या. "तीन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला. जिना चढता येत नाही म्हणून खाली बेड लावलाय. बोलता येत नाही त्याला, पण कळतं सगळं. जाता येता हॅलो म्हणा, आवडतं त्याला."

आम्ही दारातून हॅलो म्हटलं. मोठ्या हाडापेराचा माणूस होता. पलंगावर उशांना टेकवून बसवलेला, उजवा हात मांडीवर वस्तूसारखा ठेवलेला. खिडकी मागच्या फरसबंदी अंगणाकडे उघडत होती. अंगणाला कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे उतार थेट नदीकाठच्या रस्त्यापर्यंत. सासऱ्यांनी त्या माणसाला नमस्कार केला. मग त्यांची नजर खिडकीतून बाहेर गेली आणि तिथेच राहिली.

संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो. जुन्या बाजारातल्या त्या गल्ल्या, जिथे दोन्ही बाजूंची घरं वर एकमेकांकडे इतकी झुकलेली की मधून आकाशाची एक चिंधी दिसते. पूर्वी तिथे खाटकांची दुकानं होती. मांस टांगायचे लोखंडी आकडे अजून काही दुकानांवर आहेत, खाली आता फज नावाची मिठाई आणि खेळणी विकतात. नंतर गावाच्या तटबंदीवरून चाललो. नवऱ्याने गाइडबुक उघडून मुलीला सांगितलं की या दरवाजावर पूर्वी बंडखोरांची कापलेली डोकी लावून ठेवायचे. मुलगी खूश झाली. "कुठला डोका? कुठे होता?" म्हणून विचारत राहिली.

सासरे बरोबर होते आणि नव्हतेही. शेवटी ते मला हळूच म्हणाले, "अगं, त्या धक्क्यावरून जाऊन येऊ का? पाच मिनिटं."

नदीकाठी दगडी धक्का होता आणि त्यावरून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. सासऱ्यांनी वरून मोजल्या. पाण्याच्या वर अकरा दिसत होत्या. शेजारच्या पबच्या भिंतीवर रेघा काढलेल्या होत्या, प्रत्येक रेघेपुढे एक साल. पाणी त्या त्या वर्षी कुठपर्यंत आलं होतं त्याच्या त्या खुणा. आतल्या माणसांच्या हसण्याचा आवाज बाहेर येत होता. सासऱ्यांनी हात वर केला. सगळ्यात वरच्या रेघेला त्यांची बोटं जेमतेम लागली.

"ही माणसं लिहून ठेवतात," ते म्हणाले. "चांगलं आहे." पण आवाज चांगलं वाटल्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ते अंघोळ करून, स्वेटर घालून जिन्यात उभे होते. मी जाकीट घालून त्यांच्याबरोबर गेले. त्यांना एकटं पाठवायची भीती वाटत होती, ते हरवतील अशी. हे मी आज कबूल करते. अकरापैकी सात पायऱ्या उरल्या होत्या. आकाश परत स्वच्छ, उन्हाला थंडीची धार. धक्क्यावरच्या लाकडी बाकावर एक जोडपं कॉफी पीत बसलं होतं, आणि त्यांच्या पायांखाली चार हातांवर ते पाणी चाललेलं, फुगलेलं, गुळगुळीत.

"बारा तासांत चार," सासरे म्हणाले. "आता वेग वाढेल."

नाश्त्याला त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. नवरा टोस्टला लोणी लावत होता.

"बाबा, हे दर वर्षी होतं इथे. बाईंना विचारा."

बाईंना मी विचारलं. त्या किटली हातात घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "गल्लीच्या तोंडाशी येतं, लव्ह, आणि परत जातं. चाळीस वर्षं बघतेय. एकदा अंगणात आलं होतं, टाचेएवढं. दाराला लावायची फळी आहे माझ्याकडे, वाळूच्या पिशव्या आहेत. काळजी करू नका, तुमची सुट्टी एन्जॉय करा."

मी सासऱ्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांच्या मालकांना वरच्या मजल्यावर नेलं तर?"

"बाबा!" नवऱ्याने सुरी खाली ठेवली. "इथे लोकांच्या घरात असं नाक खुपसत नाहीत. त्यांचं घर आहे. त्यांना माहीत आहे काय करायचं ते."

सासरे गप्प झाले. त्या गप्प होण्याची मला सवय होती. त्यात राग नसायचा. एखादं दार आतून लावून घ्यावं तसं असायचं ते.

दिवसभराचा बेत ठरलेला होता. व्हायकिंगांचं म्युझियम, मग रेल्वेचं, मग कॅथीड्रल. म्युझियममध्ये लांब रांग होती. आत अंधारात लहान डब्यांतून फिरवतात आणि दोन्ही बाजूंना जुन्या गावाचे पुतळे बसवलेले, वाससुद्धा तेव्हाचा केलेला, शेणाचा, धुराचा, कातड्याचा. मुलगी नाक दाबून हसत होती. बाहेर आल्यावर मी बघितलं तर सासरे आमच्याबरोबर नव्हते. ते आत आलेच नव्हते.

मला कुठे जायचं ते ठाऊक होतं. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही दोघं पुढे व्हा, मी बाबांना घेऊन येते. त्याचा चेहरा बघून मला कळलं की सुट्टीचा हा दिवस त्याच्यासाठी संपला आहे.

धक्का दिसत नव्हता. जिथे सकाळी कॉफी पिणारं जोडपं बसलं होतं तिथे बाकाची फक्त पाठ पाण्यावर होती. पबवाल्यांनी खुर्च्या आत घेतल्या होत्या आणि एक माणूस दाराला फळ्या बसवत होता, शीळ घालत. लोक पुलावरून फोटो काढत होते. बदकं रस्त्याच्या मधोमध पोहत होती आणि एक लहान मुलगा त्यांना ब्रेड टाकत होता. सगळं एखाद्या गमतीसारखं चाललं होतं. सासरे पाण्याच्या कडेला उभे होते, बुटांची टोकं पाण्याला लागतील इतके जवळ, आणि खिशातलं घड्याळ बघत होते. त्यांनी रस्त्यावरचा एक फरशीचा सांधा खूण म्हणून धरला होता. मी तिथे उभी असताना पाणी त्या सांध्यावरून पुढे गेलं. लाट नाही, काही नाही. जमिनीवर सांडलेलं तेल पसरावं तसं.

"पंधरा मिनिटांत एक फरशी," ते म्हणाले. "उताराला गल्ली आहे म्हणून अजून वेळ आहे. पण पाणी रस्त्यानं येत नाही अगं. आधी गटारातून येतं."

"आपण काय करू शकतो, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं सरळ बघितलेलं मला आठवत नव्हतं.

"मला त्या बाईंशी बोलायचंय," ते म्हणाले. "माझं इंग्रजी तेवढं नाही. तू सांगशील का? मी म्हणेन ते, तसंच सांग."

आम्ही परत आलो तेव्हा चार वाजायला आले होते आणि उजेड जायला लागला होता. बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. रेडिओ चालू होता. मागच्या दारापलीकडे, अंगणाच्या कोपऱ्यात गटाराची लोखंडी जाळी होती. तिच्यातून आवाज येत होता, कुणी बाटलीतून घटाघटा पाणी ओतावं तसा. सासऱ्यांनी मला तिकडे बोट दाखवलं. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "हो, ती बोलते कधी कधी." पण सोलणं थांबलं होतं.

तेवढ्यात नवरा आणि मुलगी आले. मुलीच्या हातात लाकडी तलवार होती. तिला वर टीव्ही लावून देऊन नवरा खाली आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. त्याला वाटलं असावं की मी बाबांना समजावते आहे.

सासरे खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच बोलायला लागले, आणि एकेक वाक्य झालं की थांबायचे, मी इंग्रजीत सांगेपर्यंत.

"मी नदीवर नोकरीला होतो. पाणी मोजायचं काम."

मी सांगितलं.

"आमच्या चौकीच्या खाली, नदीच्या पात्रालगत वीटभट्टी होती. तिथे एक कुटुंब राहायचं. मी त्यांना ओळखत होतो. त्यांच्याकडून ताक यायचं मला."

मी सांगितलं. बाईंनी सुरी बाजूला ठेवली.

"एका वर्षी पाणी चढायला लागलं. आमच्याकडे पाऊस नव्हता. असंच ऊन होतं. मी आकडा कळवला. त्यांना उठवायला सांगू का, असं विचारलं. वरून उत्तर आलं नाही. वायरलेस बिघडला होता का काय, मला माहीत नाही."

इथे त्यांचा आवाज सपाट झाला. वहीतला आकडा वाचून दाखवावा तसा.

"दोन तास मी वाट बघितली."

मी इंग्रजीत म्हटलं की त्यांना थांबायला सांगितलं होतं. का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दारात नवरा उभा होता, म्हणून असेल. सासऱ्यांनी हात वर केला. तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं.

"नो," ते बाईंना म्हणाले. "नोबडी टोल्ड. आय वेटेड."

रेडिओवर कुणीतरी हसलं. बाईंनी हात लांब करून तो बंद केला.

"भट्टी चौकीपासून दहा मिनिटांवर होती," सासरे मराठीत पुढे म्हणाले. "मी गेलो असतो तर काय झालं असतं? साहेबांनी विचारलं असतं, कुणाच्या हुकमानं गेलास. तेवढंच. मी गेलो तेव्हा ते लोक आपले आपण बाहेर पडले होते. पोरं काखेत मारून. म्हातारी राहिली आत. तिला चालता येत नव्हतं. दोघांनी उचलावी लागायची. उचलायला वेळ उरला नव्हता."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. पस्तीस वर्षांच्या आयुष्यात त्याने आपल्या वडिलांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकत होता ते दुसऱ्या कुणाला तरी सांगितलेलं, बायकोच्या इंग्रजीतून.

"बाईंना सांग," सासरे म्हणाले, "मी चुकत असेन. पाणी येणारही नाही. पण त्यांना आत्ता वर न्यायला आपण चार माणसं आहोत. नंतर नसलो तर?"

मागच्या अंगणात जाळी घटघटत होती. मग बाई आपल्या नवऱ्याच्या खोलीच्या दाराकडे बघून म्हणाल्या, "त्याला तीन वर्षांत जिन्यावरून नेलेलं नाही. घाबरेल तो."

माझ्या नवऱ्याने अंगातला कोट काढला, दाराच्या मुठीला अडकवला आणि बाह्या वर केल्या. "हात असलेली खुर्ची आहे का?" एवढंच त्याने विचारलं.

जेवणाच्या खोलीतली एक खुर्ची आणली. बाईंनी आपल्या माणसाच्या कानाशी जाऊन त्याला सगळं सांगितलं. त्याला अंघोळीच्या टॉवेलांनी खुर्चीला बांधलं, छातीशी आणि गुडघ्यांशी. नवरा वरच्या बाजूला, पाठीचे दोन खांब धरून. सासरे खाली, पुढचे पाय धरून. ते बाहत्तर वर्षांचे होते. मी म्हटलं मी धरते, तर म्हणाले, "तू बाजूनं आधार दे." बाई पुढे, उलट्या पावलांनी चढत, त्याच्याशी बोलत.

जिना अरुंद होता आणि मध्ये वळत होता. वळणापर्यंत बरं चाललं. मग त्या माणसाने डाव्या हाताने कठडा पकडला आणि सोडेना. तोच एक हात त्याच्याकडे उरला होता आणि त्यात भयंकर जोर होता. खुर्ची तिरकी झाली. सासऱ्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्या माणसाच्या तोंडातून एक आवाज आला, शब्द नसलेला, लांबलेला. वरून मुलीने दार उघडलं आणि विचारलं, "आई, काय झाला?" मी तिला आत जा म्हणून ओरडले.

"लेट गो, लव्ह," बाई म्हणत होत्या. "मी आहे ना. सोड." त्या एकेक बोट उकलत होत्या. करंगळी, मग तिच्या शेजारचं. दुसरं उकललं की पहिलं परत मिटायचं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. नवरा वरून म्हणाला, "बाबा, तुम्हाला झेपतंय का?" सासऱ्यांनी मान हलवली. त्या क्षणी मला वाटलं होतं की आपण फार मोठी चूक करतो आहोत. पाणी यायचं नाही आणि हा माणूस आपल्या हातून या जिन्यात मरणार. मग त्याची बोटं एकदम सैल पडली, आणि आम्ही उरलेल्या पायऱ्या जवळजवळ पळत चढलो.

त्याला आमच्या खोलीतल्या मोठ्या पलंगावर निजवलं. आम्ही तिघं सासऱ्यांच्या खोलीत दाटीवाटीने झोपलो. सासरे जिन्याच्या वरच्या पायरीवर उशी घेऊन बसले. झोपा म्हटलं तर म्हणाले, "झोपतो," आणि उठले नाहीत.

सकाळी सातला मी जागी झाले. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. दार उघडलं तर वास आला, चिखलाचा आणि डिझेलचा. सासरे आणि बाई जिन्याच्या वळणावर शेजारी शेजारी बसले होते. बाईंनी नाइटगाउनवर कोट घातला होता. त्या खाली बघत होत्या.

खालच्या पॅसेजमध्ये पाणी होतं. वीतभर. काळं आणि अगदी स्थिर. दाराला लावलेली फळी जागच्या जागी, वाळूच्या पिशव्या जागच्या जागी. पाणी त्यांच्यावरून आलंच नव्हतं. ते आतून आलं होतं, मागून, गटारातून आणि फरशांच्या फटींतून. एक सपात हळूहळू गोल फिरत होती. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि पलंगाची चादर खाली लोंबून पाण्यात भिजत होती. गादीपर्यंत पाणी पोचलं नव्हतं.

नवरा माझ्या मागे येऊन उभा राहिला. तोही ते बघत होता. वीतभर पाणी. माणूस बुडावा एवढं नव्हतं. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणीतरी ते बोलेल अशी मला भीती वाटत होती.

बाईच बोलल्या. "बुडाला नसता तो," त्या म्हणाल्या. "पण अंधारात पलंगाखाली पाणी आलेलं ऐकत पडला असता. आणि त्याला हाक मारता येत नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी गोळी घेऊन झोपते. मला कळलंही नसतं."

मी हे सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अजून चढणार आहे. त्यांना सांग, आता इथं थांबायचं नाही."

ते बरोबर होतं. दहाच्या सुमाराला फायर ब्रिगेडची माणसं आली तेव्हा पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं. बाईंच्या माणसाला स्ट्रेचरवरून, मग बोटीतून गल्लीच्या वरच्या टोकाला नेलं, तिथे ॲम्ब्युलन्स होती. आम्हालाही एकेक करून नेलं. मुलगी बोटीत बसायला मिळालं म्हणून आधी हसली आणि मग मागे वळून त्या घराकडे बघून रडायला लागली. ॲम्ब्युलन्सचं दार लावायच्या आधी बाईंनी सासऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरला. सासरे म्हणाले, "टेक केअर ऑफ हिम." आणि मग लगेच, मुलाखतीला आल्यासारखे, "थँक यू, मॅडम."

पुढे महिन्याभराने माझा बाईंना फोन लागला. त्यांच्या माणसाला हॉस्पिटलातून बहिणीकडे हलवलं होतं, डोंगराकडच्या गावात. घर सुकायला वर्ष जाईल म्हणत होत्या. परत तिथे राहायला जाणार का, विचारलं, तर म्हणाल्या, "तो आता खाली झोपायला तयार नाही, लव्ह. कुठेच नाही. बहिणीने त्याच्यासाठी वरची खोली रिकामी केली." त्यानंतर आमचा संपर्क राहिला नाही.

बोटीतून बाहेर पडलो त्या दिवशी लंडनच्या गाड्या उशिरा धावत होत्या. आम्हाला दुपारी एक मिळाली. गाव सुटल्यावर दोन्ही बाजूंना शेतं नव्हती, पाणी होतं. कुंपणांची टोकं, एका ट्रॅक्टरचं छप्पर, उंचवट्यावर दाटीने उभ्या राहिलेल्या मेंढ्या. ऊन तसंच होतं. गाडी रुळांच्या भरावावरून अगदी सावकाश चालत होती, आणि डब्यातले लोक बोलायचे थांबून बाहेर बघत होते.

सासरे आणि नवरा समोरासमोर खिडकीशी बसले होते. मग नवऱ्याने विचारलं, "मी तेव्हा किती वर्षांचा होतो?"

"चार," सासरे म्हणाले. "तुला ती म्हातारी आवडायची. तुला आठवत नसेल."

"आई ठाऊक होती का हे सगळं तुम्हाला..." नवरा अडखळला, त्याचं वाक्य उलटंसुलटं झालं. "म्हणजे, आईला ठाऊक होतं?"

"तिला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, पोराला सांगू नका."

नवऱ्याने काही विचारायला तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघितलं. मुलीला भूक लागली होती. मी तिला घेऊन खाण्याच्या डब्याकडे गेले. तिथे रांग होती आणि मला घाई नव्हती. परत आले तेव्हा दोघं पुढे झुकून हळू आवाजात बोलत होते. मला बघून थांबले नाहीत. मी मुलीला घेऊन पलीकडच्या रिकाम्या जागांवर बसले आणि तिला चिप्सचं पाकीट फोडून दिलं.

ते काय बोलले ते मी कधी विचारलं नाही. सासरे जानेवारीत परत गेले आणि त्यानंतर पुन्हा इंग्लंडला आले नाहीत. नवरा मात्र तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्यांना फोन करायचा, फोन घेऊन मागच्या बागेत जायचा, थंडी असली तरी, आणि अर्धा पाऊण तास तिकडेच असायचा.